चवळी आणि हरभरा

आळंदीत देहूफाट्याजवळ दोन खोल्यांत एक बाई राहत होती. नवरा चाकणला कंपनीत कामाला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. बाई घरी केक करून विकायची. सगळे केक बिनअंड्याचे. माउलींच्या दाराशी तिला दुसरं कोण मागणार? एकादशी सोडली तर वाढदिवसाच्या ऑर्डरी बारमाही असत. पण खरी कमाई लग्नसराईची. आळंदीत मंगल कार्यालयांना तोटा नाही, आणि हल्ली अक्षता पडल्या की केकही कापतात.

बाईकडे हातात धरून चालवायचा बीटर होता. क्रीम फेटता फेटता तो तापायचा आणि तिचा खांदा भरून यायचा.

दिवाळीत नवऱ्याला बोनस मिळाला. दोघं भोसरीला एका दुकानात गेली. दुकानदाराने स्टँड मिक्सर दाखवला. पाच लिटरचं स्टीलचं भांडं. क्रीमसाठी तारांचा व्हिस्क, मिश्रणासाठी चपटं पातं, कणकेसाठी आकडा. बटण दाबलं की पातं स्वतःभोवती गरगरतं आणि भांड्यातूनही गोल फिरतं. हात लावायला नको. किंमत 18 हजार.

"घेऊन टाक," नवरा म्हणाला. "रोज रात्री बाम चोळत बसतेस, ते तरी सुटेल."

बाईचंही मन झालं होतं. पण बोनस वर्षातून एकदाच येतो. ती म्हणाली, "कार्तिकी होऊ द्या, मग बघू."

तळमजल्यावर एक माळकरी आजी राहत होती. तिने कितीतरी वर्षं दिंडीत स्वयंपाक केला होता. बाईने तिला सगळं सांगितलं.

आजीने विचारलं, "तुझं काम अडतं कशावर?"

"फेटण्यावर."

"नक्की?"

"खांदा माझा दुखतो, आजी. मला नाही कळणार?"

आजीने वाद घातला नाही. तिने दोन रिकाम्या वाट्या आणल्या, एक मूठ चवळी आणली, एक मूठ हरभरे आणले.

"मार्गशीर्ष सरेपर्यंत एवढं कर. काम फेटण्यामुळे थांबलं, तर या वाटीत चवळीचा दाणा टाक. दुसऱ्या कशामुळे थांबलं, तर त्या वाटीत हरभरा. नुसतं दुखलं तर काही टाकायचं नाही. थांबलं तरच."

बाईला हा पोरखेळ वाटला. पण आजीला नाही कोण म्हणणार?

कार्तिकी झाली. इंद्रायणीचा घाट मोकळा झाला. लग्नं सुरू झाली.

एका दिवशी तीन केक द्यायचे होते. बाईने तिन्हींचं मिश्रण सकाळीच करून ठेवलं. दही-सोड्याचं मिश्रण हाताने ढवळलं तरी होतं; उलट जास्त फेटलं तर केक चिवट होतो. तिथे खांदा दुखलाच नाही. पण ओव्हन लहान होता. त्यात एका वेळी एकच टिन मावायचा. पहिला केक छान फुलला. दुसरा जरा बसका निघाला. तिसऱ्याची पाळी येईपर्यंत सोड्याचा जोर संपून गेला होता. तो केक विटेसारखा झाला. तो पुन्हा करावा लागला. हरभरा.

मग एकदा क्रीम फेटून झालं आणि फ्रिजमध्ये जागाच नव्हती. दूध, भाजी, कालची आमटी. क्रीम बाहेर राहिलं आणि सैल पडलं. हरभरा. गुरुवारी वीज गेली. हरभरा. पुन्हा दोन ऑर्डरी एकाच वेळेच्या आल्या, एक परत पाठवावी लागली. हरभरा.

नंतर दोन मजली केक आला. बीटर इतका तापला, की बंद करून निववावा लागला. चवळी. तो दाणा बाईने जरा जोरातच टाकला.

मध्येच ती मरकळ रस्त्याला एका ओळखीच्या बाईकडे गेली. तिच्याकडे तसलाच मिक्सर होता. "अर्ध्या किलोच्या केकचं क्रीम यात फेटून बघू का?" बाईने विचारलं. वाटीभर क्रीम त्या मोठ्या भांड्याच्या तळाला पसरलं. व्हिस्क वरवर फिरत राहिला. पुन्हा पुन्हा मशीन थांबवून क्रीम गोळा करावं लागलं.

"थोडं असलं की असंच होतं," मालकीण म्हणाली. मग तिने आकडा लावला आणि किलोभर मैद्याची पावाची कणीक भांड्यात टाकली. यंत्र घरघरत मळत राहिलं. तेवढ्या वेळात मालकिणीने आधीच्या कणकेचे गोळे वळून ट्रे भरला. असं ती दिवसातून चार वेळा करत होती.

हे यंत्र मुळात जन्मलं तेही अशाच कुणासाठी. 1908 साली अमेरिकेतल्या एका इंजिनिअरने एका बेकरीवाल्याला लोखंडी चमच्याने कणीक घुसळताना पाहिलं आणि त्याच्यासाठी यंत्र बनवायला घेतलं. आधी ते बेकऱ्यांत गेलं. घरात मावेल असं धाकटं यंत्र 1919 साली आलं.

मार्गशीर्ष सरला. बाई दोन्ही वाट्या घेऊन आजीकडे गेली. चवळीचे दाणे पाच होते. हरभऱ्यांची उसळ झाली असती.

आजी म्हणाली, "मुक्ताईच्या मांड्यांची गोष्ट ठाऊक आहे ना?"

"ज्ञानोबांच्या पाठीवर भाजले, तेच ना?"

"तेच. मुक्ताईपाशी पीठ होतं, मळायला हात होते. भाजायला परळ नव्हतं. विसोबाने ते कुंभाराकडून मिळू दिलं नाही. म्हणून ज्ञानोबांनी पाठ तापवून दिली. त्याऐवजी ते पीठ मळू लागायला बसले असते, तर भावंडं उपाशी निजली असती."

बाई वाट्यांकडे बघत राहिली.

"दुखतं तिथं बाम लावावा, पोरी," आजी म्हणाली. "पैसा लावावा अडतं तिथं."

बाईने नवऱ्याला हिशेब सांगितला. दोघांनी तीन टिन मावतील असा मोठा ओव्हन घेतला. त्याच्यासाठी वायरमनकडून सोळा अँपिअरचा प्लग बसवून घेतला. उरलेल्या पैशांत एक जुना पण चालू फ्रिज आणला, त्यात आमटी ठेवायची नाही असं ठरलं. दोन मजली केक आला, की बाई क्रीम दोन वेळा निम्मं-निम्मं फेटते, मधे बीटर निवू देते.

वीज अजूनही जाते. त्याला कुणाचाच इलाज नाही.

मिक्सर तिने घेतला नाही. मरकळ रस्त्याच्या बाईने घेतला होता. दोघींचंही बरोबर होतं.