अंतर्गृहाचे छायाचित्र: जतन आणि साक्ष

ऐतिहासिक घराच्या अंतर्भागाचे छायाचित्रण म्हटले, की वाड्यांचे चौक, नक्षीदार तुळया, देवघरे डोळ्यांपुढे येतात. धडगावच्या उत्तरेकडील नर्मदाकाठची आदिवासी घरे या कल्पनेत बसत नाहीत. २०१७ साली लोकार्पण झालेल्या सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित केली. अक्राणी तालुक्यातील निमगव्हाण, डोमखेडी ही त्यांपैकीच. लाकूड, बांबू, माती व कौले यांनी बांधलेल्या या घरांचे लाकूड-कौले उतरवून अन्यत्र नेता येतात. तेव्हा घराचे ऐतिहासिकत्व बांधकामाच्या सामग्रीत नसून चूल, कणगी, खांब यांच्या परस्परसंबंधात असते. आणि नेमका तोच संबंध छायाचित्र टिपू शकते.

मात्र नैतिक प्रश्न येथेच उपस्थित होतो. सुसान सोंटाग यांनी ‘ऑन फोटोग्राफी’ (१९७७) या ग्रंथात छायाचित्रणाला वस्तूवर ताबा मिळवण्याची कृती मानले आहे. बुडणाऱ्या घराबाबत हा ताबा दुहेरी ठरतो. तेच छायाचित्र विस्थापिताच्या हक्काचा पुरावा होऊ शकते. आणि घर ‘जतन’ झाल्याचे समाधान बुडवणाऱ्यालाही पुरवू शकते. हा पेच प्रतिमेच्या सौंदर्याने सुटत नाही. कणगीतले धान्य दाखवावे की झाकावे, हे घरातल्या माणसांनी ठरवले आणि प्रत त्यांच्या हाती राहिली, तरच ती साक्ष ठरते. अन्यथा उंबरठा ओलांडणारा कॅमेरा जिवंत घराचे पाणी चढण्याआधीच संग्रहालय करून टाकतो.