बापाचे मौन

दावीद राजा आणि बथशेबा यांचे प्रकरण सर्वांच्या ओळखीचे आहे. परंतु त्यापुढील अध्याय आमच्या उपासनामंदिरांतून क्वचितच वाचला जातो. दावीदाचा ज्येष्ठ पुत्र अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. ती वार्ता राजाच्या कानी येते. तो अत्यंत संतापला, इतके शास्त्र सांगते आणि मग त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. संतापलेल्या बापाने मुलाला समोर बोलाविले, जाब विचारला, दंड केला, यांपैकी एकही गोष्ट तेथे नमूद नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरात एक वाक्य अधिक आहे. त्याचा आशय असा की, अम्नोन थोरला म्हणून लाडका होता आणि त्यामुळे दावीदाने त्याचे मन दुखविले नाही. मला त्या मौनाचे कारण निराळे वाटते. ज्याने स्वतः गच्चीवरून परस्त्री पाहिली, माणसे पाठवून तिला आणविली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे घालून मारविले, त्याने मुलाला कोणत्या तोंडाने बोलावे? दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाचा वध करविला. बाप बोलला नाही, ते काम तलवारीने केले.

हे सर्व मला आठवण्याचे कारण घरगुती आहे. गेल्या पावसाळ्यात एके रात्री एस.टी.ची वेळ पाहण्यासाठी मी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाचा मोबाइल उचलला आणि त्यावर जे उघडे राहिले होते ते माझ्या दृष्टीस पडले. त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. ज्यांना मुले आहेत त्यांना ते समजेल, आणि ज्यांना नाहीत त्यांनाही समजेल. मोबाइल होता तेथे ठेवून मी माझ्या खोलीत गेलो, आणि अकरा दिवस त्या विषयी एक शब्द बोललो नाही. प्राध्यापकाला शब्दांची वानवा नसते असा लोकांचा समज आहे. तो वर्गापुरता खरा आहे.

त्या अकरा दिवसांत मी मनातल्या मनात दोन भाषणे तयार केली आणि दोन्ही टाकून दिली. पहिले भाषण लज्जेचे. आपले घर कोणते, आजोबांनी चाळीस वर्षे उपदेशकाचे काम केले, लोकांना कळले तर काय म्हणतील, इत्यादी. या भाषणातून मुलगा एवढेच शिकतो की, दार नीट लावून घ्यावे. दुसरे भाषण शुचितेचे, आणि ते आमच्या ख्रिस्ती मंडळीत विशेष चालते. तुझे शरीर पवित्र मंदिर आहे, ते विटाळू नकोस, तुझ्या आत्म्यावर डाग पडेल. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्राचा त्यास आधार आहे आणि ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यात सर्वत्र 'तू' आहेस: तुझे शरीर, तुझा डाग, तुझे तारण. ज्या बाईला तो पाहत होता ती या सबंध उपदेशात कोठेच नाही. पाहताना ती त्याच्या लेखी माणूस नव्हती. उपदेश ऐकतानाही नाही. अशा उपदेशाने पापाचा विषय बदलतो, दृष्टी तीच राहते.

येथे शब्दांचा थोडा विचार करणे अस्थानी होणार नाही. आपला 'अश्लील' हा शब्द 'अश्रील' या शब्दाचे रूप मानतात. ज्यास श्री नाही, शोभा नाही, ते. संस्कृत साहित्यशास्त्राने अश्लीलता हा काव्यदोष मानून त्याचे तीन प्रकार केले: व्रीडा उत्पन्न करणारा, जुगुप्सा उत्पन्न करणारा आणि अमंगल सुचविणारा. तिन्ही ठिकाणी विचार ऐकणाऱ्याच्या मनाचा आहे. त्याला लाज वाटते, किळस येते, अशुभ वाटते. ग्रीक 'पॉर्नोग्राफी' या शब्दाच्या पोटात मात्र 'पोर्ने' आहे. पोर्ने म्हणजे वेश्या, आणि तो शब्द विकणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. पोर्ने ही विकलेली बाई, आणि त्या काळच्या ग्रीक व रोमन नगरांत ती पुष्कळदा खरोखरीच विकत घेतलेली दासी असे. मराठी शास्त्रात जेथे आपण 'जारकर्म' असे वाचतो तेथे मुळात बहुधा याच कुळातील शब्द असतो. आपल्या शब्दाने श्रोत्याची लाज पाहिली. ग्रीक शब्दाने, कदाचित नकळत, बाजार दाखविला. मला मुलाशी बोलावयाचे होते ते या दुसऱ्या शब्दातून.

कायद्याचा प्रवासही काहीसा असाच झाला आहे. १८६८ साली इंग्लंडात हिक्लिन खटल्यात जी कसोटी ठरली ती अशी की, ज्यांची मने अशा प्रभावास वश होण्याजोगी आहेत त्यांच्या हाती ते लिखाण पडले तर ती मने बिघडतील काय, हे पाहावे. गंमत अशी की, ज्या पुस्तिकेवरून हा खटला झाला ती कोणा विषयलंपटाची नव्हती. रोमन कॅथलिकांच्या पापनिवेदनाच्या प्रथेवर टीका करण्यासाठी प्रॉटेस्टंटांनी प्रसृत केलेली ती पुस्तिका होती. धर्माच्या आवेशाने अश्लीलतेची व्याख्या करविली, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात तीच कसोटी लावली आणि २०१४ साली ती सोडून दिली. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच न्यायालयाचा २०२४ च्या सप्टेंबरातील निकाल. बालकांच्या अशा चित्रांस 'पॉर्नोग्राफी' हे नावच देऊ नये, ते बालकांच्या शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य आहे असे म्हणावे, असे न्यायालयाने सांगितले. प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत कायदा अद्याप एवढे म्हणत नाही, आणि सरसकट म्हणू शकेल असेही मला वाटत नाही.

लज्जेच्या भाषणाविरुद्ध महाराष्ट्रात जो माणूस सर्वांत चिवटपणे लढला तो ख्रिस्ती तर नव्हताच, धर्म मानणाराही नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रे छापली आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड दिले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. आमच्या वडिलांच्या पिढीतील ख्रिस्ती घरांत कर्व्यांचे नाव काढणे अशक्य होते. आज त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. शरीराचे ज्ञान ही अश्लीलता नव्हे, या त्यांच्या म्हणण्यास बायबलवर श्रद्धा असलेल्या माणसाने तरी का भ्यावे? ज्या ग्रंथात गीतरत्न आहे त्या ग्रंथाला देहाच्या प्रेमाचे वावडे नाही. मात्र कर्व्यांना वाटत असे की, वडीलधाऱ्यांनी झाकून ठेवलेली जागा ज्ञानाने भरेल. ती व्यापाराने भरली.

अकराव्या दिवशी मी संत ऑगस्टीनची 'कन्फेशन्स' पुन्हा उघडली. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या या आत्मकथनाच्या दुसऱ्या खंडात हाच प्रसंग आहे. ऑगस्टीन सोळा वर्षांचा; पुढील शिक्षणास पैसे नाहीत म्हणून घरी रिकामा बसलेला. स्नानगृहात बापाच्या लक्षात येते की मुलगा वयात आला, आणि तो नातवंडांच्या आशेने हर्षभरित होऊन घरी येऊन बायकोला सांगतो. आई मोनिका हादरते. मुलाला एकांती नेऊन सांगते की जारकर्म करू नको, निदान कोणाच्या बायकोच्या वाटेस जाऊ नको. मुलाला ते बायकी बोलणे वाटते, आणि त्याप्रमाणे वागण्याचीच त्याला लाज वाटते. बाप हसला आणि आई रडली. पण आपण स्वतः त्या वयात काय होतो, हे बापाने सांगितले असे काही त्या पुस्तकात नाही. आपल्या बहुतेक घरांत अजून अशीच कामाची वाटणी आहे.

मी मुलाला घेऊन फिरावयास गेलो. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना असे बोलणे बरे पडते. मी त्याला मत्तयातील ते वचन आठवून दिले, ज्यात स्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच असे येशू म्हणतो. त्या वचनात एक गोष्ट नाही, ती शोधावयास मी त्यास सांगितले. त्या स्त्रीने काय नेसले होते, ती कोठे उभी होती, ती कशी होती, याविषयी अक्षर नाही. पुढे डोळा उपटण्याची जी भाषा आहे ती पाहणाऱ्याच्या डोळ्याची. मग लूकाच्या शुभवर्तमानातील सीमोन परूशी. त्याच्या घरी एक बदनाम बाई येते, आणि ही कोणत्या प्रकारची बाई आहे हे त्याला पाहताक्षणी ठाऊक असते. येशू तिच्याकडे वळून सीमोनालाच विचारतो की ही बाई तुला दिसते का. जिच्याकडे सर्वजण पाहत होते तिच्याविषयी हा प्रश्न! 'पाहणे' आणि 'दिसणे' ही आपल्या भाषेतील दोन क्रियापदे. मुलाला मी एवढेच सांगू इच्छित होतो की तू रात्री पाहिलेस, पण तुला दिसले नाही.

तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "पप्पा, पण ती स्वखुशीने करते. तिला पैसे मिळतात." हा आक्षेप मला अपेक्षित होता. २०२० साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने अशा बावीस स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. चित्रफीत इंटरनेटवर येणार नाही असे खोटे सांगून त्यांचे चित्रण केले होते. त्या चित्रफितींत त्या हसत होत्या. खुशी आणि फसवणूक यांत पडद्यावर फरक दिसत नाही; पाहणाऱ्याला तो कळण्याचा मार्ग नाही, आणि म्हणून 'ती खुशीने करते' हे वाक्य त्याला उच्चारता येत नाही, असे मी म्हणालो. हे त्यास पटले असे दिसले.

दुसरा आक्षेप मात्र मला अपेक्षित नव्हता. "आणि ती बाईच नसेल तर? आता संगणक चित्र करतो. कोणीच नसते त्यात." स्पेनमधील आल्मेंद्रालेखो गावी २०२३ साली शाळकरी मुलांनी आपल्याच ओळखीच्या मुलींच्या साध्या छायाचित्रांवरून संगणकाकरवी नग्न चित्रे केली आणि पुढील वर्षी पंधरा मुलांना न्यायालयाने वर्षभराच्या देखरेखीची शिक्षा दिली, ही हकीकत मी सांगितली. पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि त्याच्याही ते ध्यानात आले. त्या मुली होत्या. तो विचारीत होता ते मुळीच नसलेल्या स्त्रीविषयी. तिचा अपराध होऊ शकत नाही. विकली जाणारी कोणी नाही. माझा सबंध युक्तिवाद 'ती'वर उभा होता आणि 'ती'च नाहीशी झाली.

मी त्याला अलिपिअसची गोष्ट सांगितली. ऑगस्टीनचा हा मित्र रोममध्ये कायदा शिकत असता त्याला मित्रांनी ओढून मल्लांच्या रक्तरंजित खेळास नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. परंतु लोकांची आरोळी कानी पडली, त्याने डोळे उघडले, आणि परतला तो इतरांना बरोबर नेणारा होऊन. मरणारा मल्ल खरा होता हे कबूल. पण अलिपिअसमध्ये जे घडले ते मल्लाने नव्हे, पाहण्याने घडले. ज्या डोळ्यास रोज रात्री माणूस म्हणजे उपभोगाची वस्तू असे शिकविले, तो सकाळी शाळेत दुसरे काही पाहील याची हमी काय? मी 'हमी' म्हणालो, 'पुरावा' म्हणालो नाही. कारण पुरावा मजजवळ नव्हता. येथे मी शुचितेच्याच भाषणाजवळ परत आलो होतो, हे मला चालता चालता जाणवले. ते पूर्वी वाटले तितके पोकळ नव्हते.

परतीच्या वाटेवर त्याने विचारले, "तुम्ही कधी पाहिले नाही?"

नाथान संदेष्ट्याने दावीदास गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगून त्याच्याच तोंडून न्याय वदविला. माझ्या मुलाने गोष्टही सांगितली नाही. मी वसतिगृहातील पिवळ्या पुस्तकांविषयी सांगितले, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटींविषयी सांगितले. ते त्यास जणू पुराणकाळचे वाटले असावे. त्याला थोडे हसूही आले. मग मी चार वर्षांपूर्वीचे सांगितले. तेव्हा तो हसला नाही. बापाने असे सांगावे की नाही, याविषयी माझ्या एका सहाध्यायी पाळकमित्राचे मत माझ्याविरुद्ध आहे: पापनिवेदन देवापाशी करावे, मुलापाशी नव्हे, मुलाला आधाराला भिंत हवी असते, भिंतीच्या भेगा नव्हेत. या म्हणण्यात तथ्य आहे. सगळे सांगून टाकण्यात स्वतःला हलके करून घेण्याचा स्वार्थ असतो, आणि ओझे उचलतो पंधरा वर्षांचा मुलगा. परंतु मी नाही म्हणालो असतो तर ते असत्य झाले असते, आणि गप्प बसलो असतो तर दावीद. या दोहोंपेक्षा भेगा दिसलेल्या बऱ्या, असे त्या क्षणी वाटले. आजही वाटते, पण तितक्या ठामपणे नाही.

घराच्या फाटकाशी आल्यावर त्याने आणखी एक विचारले: "आईला ठाऊक आहे?"

त्याचे की माझे, हे त्याने सांगितले नाही. मी म्हणालो, "तुझे नाही." तो काही वेळ तसाच उभा राहिला आणि मग म्हणाला, "माझे मी सांगेन. तुमचे तुम्ही सांगा." आत स्वयंपाकघरात दिवा होता.