आधी रांगेत उभे राहा

पेटी बंद करा आणि समोर येऊन बसा. आज गाणं नाही, साक्षही नाही. आज ऐकायचं.

तुम्ही दिलेला कागद मी वाचला. नाताळाच्या आधी एटापल्लीत तीन दिवसांचं सेवा शिबिर. मंडप, स्पीकर, पाहुण्यांचा सत्कार, ब्लँकेटवाटप, छातीवर आपल्या तरुण संघाचं नाव छापलेले टी-शर्ट आणि फोटो काढायला नागपूरहून माणूस. पैशाचा हिशेब चोख आहे. पण ज्यांची सेवा करायची, त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्या कागदावर नाही. कुठल्या गावचा, कशाने आजारी, काय हवंय, हे कुणाला विचारलंत तरी का?

आता मी जे पाहिलं ते सांगते. ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत एक माडिया आदिवासी म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन उभा होता. पोर तापाने फणफणलेलं. आतल्या गावातून पहाटेच निघाला असणार. त्याला तुमच्यातल्या एकाने म्हटलं, "ए, सरक मागे." तुमच्या आजोबांच्या वयाचा माणूस तो! घरी आजोबांना 'ए' म्हणता का? मग इथे जीभ कशी वळली? आठवडी बाजारात तुमच्यातलीच एक, रविवारी सगळ्यांत मोठ्याने प्रार्थना करणारी, मध विकणाऱ्या बाईला दहा रुपये कमी देऊन निघाली. म्हणाली, सुट्टे नाहीत. त्या बाईला हिशेब जमत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ही चोरीच आहे, हिला दुसरं नाव देऊ नका.

"मॅडम, एवढीशी गोष्ट," असं कुणी पुटपुटलं. एवढीशीच आहे, म्हणून तर बोलते आहे. मंडपात सगळेच चांगले वागतात, तिथे पाळक बघत असतात. रांगेत, बाजारात, एसटीत कुणी बघत नसतं, तेव्हा जो बाहेर येतो तोच तुमचा खरा विश्वास.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर तुम्ही नाटक बसवता. तो नीट वाचलात का कधी? तिथे न्यायाच्या दिवशी भुकेल्याचा घास, तहानलेल्याचं पाणी, परक्याचा आसरा, उघड्याचं वस्त्र आणि आजाऱ्याची, तुरुंगातल्याची भेट एवढंच विचारलं आहे. आणि जे नीतिमान ठरले, त्यांना आपण हे कधी केलं तेच आठवत नाही. का आठवत नाही? कारण ते त्यांच्या हाताच्या सवयीचं झालं होतं. तुम्हाला मागच्या वर्षी वाटलेल्या ब्लँकेटांचा आकडा तोंडपाठ आहे. यातच काय ते ओळखा.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुम्ही शाळेत वाचलीत, ती परीक्षेपुरती. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. धर्मांतरामुळे दुरावलेल्या नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाबरोबर जेवायचं, हे रोजचे प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवले. उंबरठ्याच्या आत त्यांचं मन बदललं, बाप्तिस्मा त्यानंतरचा. पुढे प्लेगच्या दिवसांत ही बाई रोग्यांच्या सेवेला उभी राहिली, ते बळ आधीच्या या लहान लहान पावलांतून आलं होतं.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचे बाबा आमटे घ्या. मैला वाहण्याचं काम अंगावर घेतलेला हा माणूस पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून आधी पळाला. मग परत फिरला. आनंदवनाचं मूळ त्या परत फिरण्यात आहे. ते काही आपल्या मंडळीतले नव्हते. जखमी वाटसरूजवळ थांबलेला शोमरोनीही याजकांच्या मंडळीतला नव्हता, हे ध्यानात असू द्या.

गडचिरोलीत सेवा म्हणजे काय, ते मलेरियाला विचारा. एका जातीच्या मलेरियात उपचारानंतर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण प्रायमाक्विनची गोळी चौदा दिवस घ्यावी लागते. ताप गेला की माणूस कामाला लागतो, गोळ्या पाटाखाली राहतात आणि ताप पुन्हा उलटतो. त्या घरी चौदाही दिवस जाऊन 'आजची गोळी घेतली का?' असं कोण विचारणार? आशाताई एकटी किती घरं धरील? या कामात हार नाही, भाषण नाही, फोटोही नाही. पण त्या चौदा दिवसांत त्या घरातलं कुणी तुमच्याकडून भाकरीच्या तुकड्याचीही अपेक्षा न ठेवता तुम्हाला ओळखू लागेल, आणि तुम्ही त्यांना.

आणखी एक. गोळी द्यायची आणि वर चर्चला या म्हणायचं, हे चालणार नाही. सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष नव्हे. माडियांचे देव म्हणजे पेन, त्यांचं युवागृह म्हणजे गोटूल, यांची टिंगल माझ्या कानावर आली, तर त्या दिवशी संघ बंद. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्याला पकडून देणाराही त्या पंगतीत होता. त्याचे पाय धुवायचे ठेवले नाहीत.

आता कामाचं. शिबिराचा कागद मी परत करते आहे. मंडपाचे आणि टी-शर्टांचे पैसे मच्छरदाण्यांना लावा. उद्यापासून दोघा-दोघांनी रुग्णालयात सकाळी उभं राहायचं. आतल्या गावातून आलेल्यांना केसपेपर काढून द्यायचा, औषध कसं घ्यायचं ते समजावायचं. त्यासाठी माडिया भाषा शिका. इथे राहून ताप, पाणी, दुखतं कुठे, एवढंही त्यांच्या भाषेत विचारता येत नाही, याची लाज वाटू द्या. वडीलधारा दिसला की जोहार म्हणा, दादा म्हणा, आजी म्हणा. एसटीत लेकुरवाळी उभी असेल तर उठा, कुणी सांगायची वाट पाहू नका. आणि जिने त्या बाईचे दहा रुपये बुडवले, तिने येत्या बाजारी ते तिच्या हातावर ठेवायचे आणि माफी मागायची. त्याआधी प्रार्थनेला तोंड उघडायचं नाही.

मी तुमच्यावर रागावले, कारण तुमच्यात दम आहे आणि तो तुम्ही मंडपावर उधळता आहात. या तालुक्याला ब्लँकेट वाटणारे पुष्कळ भेटले, रोज येणारे फार थोडे. तुम्ही रोज येणारे व्हा. ते जमत नसेल, तर नाताळाला गाऊही नका.