रात्रीचे ऋण

रविवारच्या पहिल्या मिस्सेला पुढच्या बाकावर बसणारे एक गृहस्थ प्रवचन सुरू होताच डुलक्या घेऊ लागत. एकदा आम्ही वेदीवरून, नाव न घेता पण त्यांच्याकडे पाहूनच, प्रभुमंदिरातील निद्रेविषयी चार कठोर शब्द सुनावले. पुढे आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी फिरताना त्यांच्या घरी जाणे झाले. तेव्हा समजले की, हा मनुष्य अठरा वर्षे रात्रपाळी करीत होता. मिस्सेला तो घरून नव्हे, तर थेट कामावरून येत असे. आता मधुमेहामुळे त्याच्या पायाची जखम भरत नव्हती. “फादर, तुम्ही बोललात ते बरोबरच होतं,” तो म्हणाला. ते बरोबर नव्हते, हे आम्ही येथे कबूल करतो.

परमेश्वराने दिवस आणि रात्र वेगळी केली, असे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आपण वाचतो. ही विभागणी आपल्या देहातही आहे. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री शरीर इन्सुलिनला दिवसासारखा प्रतिसाद देत नाही. म्हणून तेच जेवण मध्यरात्री घेतले असता रक्तातील साखर अधिक चढते. त्यात दिवसाची झोप तुटक असते. अमेरिकेतील सुमारे १,७७,००० परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. आलटूनपालटून रात्रपाळी करण्याची वर्षे वाढली तसा मधुमेहाचा धोका वाढत गेला, आणि वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांत तो सुमारे दीडपट आढळला. वाढलेले वजन हे त्याचे एक कारण होते, एकमेव नव्हे. २०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत हा धोका सरासरी ९ टक्के अधिक दिसला. केवळ पुरुषांत मात्र तो सुमारे ३७ टक्के अधिक होता. धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. पण तो वाढलेला आहे, हे जाणून गप्प बसणेही योग्य नव्हे.

मग रात्रीचे काम अनैतिक म्हणावे काय? मुळीच नाही. बाळ घड्याळ पाहून जन्माला येत नाही आणि हृदयविकार सकाळची वाट पाहत नाही. प्रभुजन्माची वार्ता प्रथम ऐकली ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांनीच. प्रश्न असा की, आपल्या सर्वांच्या सोयीसाठी जो जागतो, त्याच्या देहाचे मोल कोण चुकवतो?

कोणी म्हणेल, तो राजीखुशीने जातो आणि त्याला रात्रपाळीचा भत्ताही मिळतो. परंतु ज्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आणि मुलांची फी आहे, त्याची राजीखुशी कितपत मोकळी असते? केवळ परस्परसंमती झाली म्हणून करार न्याय्य ठरत नाही, अशी शिकवण पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’मध्ये दिली. भत्त्याने श्रमाचे दाम चुकते होते, गमावलेल्या आरोग्याचे नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९० च्या रात्रकामविषयक करारातही कामगाराची विनाशुल्क आरोग्य तपासणी आणि रात्रपाळी झेपत नसल्यास शक्य तेथे दुसरे समान काम, या गोष्टी नमूद आहेत. ही भीक नव्हे, हा न्याय आहे.

परंतु मालकाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका घरात पाऊल टाकते आणि लगेच डबे, धुणे, मुलांची शाळा यांत गुंतते. तिची झोप हा घरच्यांना आळस वाटतो. पुरुष कुरकुर करीत नाही, तसा तपासणीलाही जात नाही. दुपारी लग्नघराचा ध्वनिक्षेपक मोठ्याने वाजतो, तेव्हा शेजारी कोणी रात्रभर जागून आत्ताच आडवा झाला असेल, हे आपल्या ध्यानीही नसते. आमच्या धर्मग्रामातील सभाही अशा वेळी भरतात की, या मंडळींना येणे अशक्यच. शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पार पडते, हे तरी त्यांना आपणहून सांगणारे कोण?

पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभू शिष्यांना भेटला, तेव्हा रात्रभर श्रमूनही त्यांची जाळी रिकामीच होती. तुम्ही कोठे होता, असे त्याने विचारले नाही. त्याने निखारे पेटवले, भाकर आणि मासळी भाजली आणि त्यांना न्याहारीस बोलावले. आमच्या त्या प्रवचनात ही न्याहारी नव्हती. रात्र जागून उंबरठ्यावर आलेल्या माणसाला आपण उपदेश देतो की विसावा, यावर आपले ख्रिस्ती असणे पारखले जाईल.