पत्ता दिला, वस्तू नाही

बाबांनी मार्केट यार्डात भुसार विभागात तीसेक वर्षं पोती वाहिली. शेवटच्या वर्षात मी त्यांना फोनवर रेकॉर्ड करायचो. भुसार बाजार नाना-भवानी पेठेतून गुलटेकडीला आला तेव्हाच्या, आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी, हमाल पंचायतीचे मोर्चे, शंभर किलोचं पोतं पाठीवर कसं घ्यायचं, असं बरंच काही. अशा सत्तावीस फाइल्स झाल्या.

घरातल्या जुन्या पीसीवर लिनक्स होतं, त्यावर ताईचंही खातं होतं. ती म्हणाली, "मलाही दे." मी तिच्या फोल्डरमध्ये सिम्बॉलिक लिंक्स टाकल्या. तिला सत्तावीस नावं दिसली, क्लिक केलं की बाबा बोलायचे. दिवाळीत डिस्क भरली म्हणून मी फोल्डर साफ केले. "तिच्याकडे आहेतच की," असं म्हणून माझ्याकडचं उडवलं. दोन महिन्यांनी तिचा फोन आला, "अरे, उघडत नाहीयेत." सगळी नावं लाल झाली होती.

सिम्बॉलिक लिंक म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता. तिचा आकार पाहिला तर पत्ता लिहायला जेवढे बाइट लागतात तेवढाच. बाजार गुलटेकडीला गेल्यावर भवानी पेठेचा पत्ता हातात धरून बसावं, तसं ताईचं झालं.

हार्ड लिंकचं तसं नसतं. फाइलचं खरं अस्तित्व आयनोडमध्ये असतं, म्हणजे एका क्रमांकात. नाव ही फक्त डिरेक्टरीतली नोंद: हे नाव, हा क्रमांक. एकाच क्रमांकाला दोन नावं दिली तर त्यात मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, हे सिस्टीमला ठाऊक नसतं. किती नावं उरली एवढंच ती मोजते. 'आरएम' फाइल पुसत नाही, एक नाव काढते. नावं शून्य झाली आणि कुठल्याही प्रोग्रॅमने फाइल उघडून ठेवलेली नसली, की जागा मोकळी होते. (हे एकाच फाइल सिस्टीमपुरतं. दुसऱ्या डिस्कवर द्यायचं तर खरी प्रतच करावी लागते.) मी 'एलएन'नंतरचं 'एस' लिहिलं नसतं, तर माझ्या साफसफाईने ताईचं काहीच बिघडलं नसतं. एका अक्षराचा फरक.

चूक तांत्रिक होती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण मी तिला बाबा दिलेच नव्हते. माझ्याकडच्या बाबांपर्यंत येण्याची परवानगी दिली होती, आणि ती समजत होती की तिच्याकडे आहेत. क्लाउडची लिंक पाठवून 'शेअर केलं' म्हणताना आपण सगळे हेच करतो. किल्ली आपल्याच खिशात राहते.

मग सगळ्यांना हार्ड लिंकच द्यावी का? इथे मी अडतो. एका रेकॉर्डिंगमध्ये बाबा काकांशी झालेल्या भांडणाबद्दल बोलले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ते पुसून टाक." मी "हो" म्हणालो आणि पुसलं नाही. सत्तावीसमध्ये तीही होती. तिला हार्ड लिंक दिली असती, तर मी नंतर कितीही प्रामाणिकपणे माझं नाव काढलं तरी बाबांचं ते बोलणं तिच्या नावाखाली तसंच राहिलं असतं. ते जाण्यासाठी तिनेही 'हो' म्हणायला हवं होतं.

ताईला हे अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, सगळ्या सत्तावीस फाइल्स चुकून गेल्या. सव्वीस चुकून गेल्या, हे खरं आहे.