ज्यांच्या घरी तळण नाही

शास्त्रपाठ : नहेम्या ८:९-१२

नाताळ आठ दिवसांवर आला की आमच्या मये गावातल्या ख्रिस्ती घरांतून माडाच्या गुळाचा वास सुटतो. दोदोल हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ तांब्याच्या भांड्यात घालून ढवळीत राहावयाचे. एकाचा हात भरून आला की दुसऱ्याने डाव घ्यावयाचा. हात थांबला की तळ लागलाच. तास-दीड तासाने तेल सुटू लागते, तेव्हा कोठे ते उतरते. बेबिंकेचे तर विचारूच नका! वर निखारे ठेवून एक थर तांबूस झाल्याखेरीज दुसरा ओतता येत नाही.

एवढा खटाटोप घरच्या चार तोंडांसाठी कोणी करीत नाही. ताटे भरून शेजारी पाठवावयाची असतात. या पाठवणीला गोव्यात 'कोन्सुआद' म्हणतात. रीत मूळची रोमन बांधवांची. आम्ही थोडे प्रॉटेस्टंट तीच पाळतो. शब्द पोर्तुगीज असून त्याचे मूळ 'सांत्वन करणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, असे मानतात. गोड पदार्थाला हे नाव का, याचा विचार आम्ही फार उशिरा केला.

यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्राने नियमशास्त्र वाचले, तेव्हा लोक रडू लागले. त्यांना सांगण्यात आले की, रडू नका, घरी जाऊन गोडधोड खा. आणि ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही त्यांना वाटे पाठवा. संडेस्कूलच्या शिक्षकांनी मुलांना येथे क्षणभर थांबवावे. का तयार केले नाही, हे वचन विचारीत नाही. गरिबी असेल, आजार असेल, आळसही असेल! आमच्या हिंदू शेजाऱ्यांना हे ठाऊक आहे. ज्या घरी मृत्यू झाला तेथे त्या वर्षी सणाचे तळण होत नाही. पदार्थ शेजारून येतात.

डिचोली तालुक्यातल्या खाणी २०१२ साली बंद पडल्या. आमच्या वाड्यावर एका घरी खनिज वाहणारा ट्रक होता. तो दारात उभा राहिला, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्या नाताळात ताटे भरताना आम्ही ते घर वगळले. ताट रिकामे परत करू नये, अशी आपली रीत. मग त्यांना उगाच संकोच कशाला, असे आम्ही आपसांत म्हणालो. कारण दिसावयास दयाळू होते. खरे पाहता, ज्यांचे ताट भरून परत येते तेवढीच घरे आमच्या यादीत उरली होती. परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवा, असे प्रभूने लूक १४ मध्ये सांगितले आहे. त्यावर आम्ही याच तोंडाने उपदेश केला होता.

पुढल्या वर्षी चवथ आली. त्याच घरचा मुलगा दुपारी दारात उभा राहिला. हातात स्टीलचे ताट, वर वर्तमानपत्र झाकलेले, आत पाच नेवऱ्या. "आईने दिल्यात," एवढेच बोलला. आम्ही नेवऱ्या काढून घेतल्या आणि ताटात घालावयास साखरेचा डबा शोधू लागलो. तोवर मुलगा निघून गेला होता.

ताट आमच्याकडेच राहिले. डिसेंबरात दोदोल उतरला, तेव्हा त्याचे पहिले तुकडे त्याच ताटात घालून आम्ही स्वतः घेऊन गेलो.