अद्भुताचे वाचन आणि सांगण्याचा धर्म

जे कधी घडले नाही आणि घडण्याचा संभवही नाही, अशा गोष्टींच्या वाचनात मनुष्याने आपले मन घालावे काय, आणि असे वाचन चालू असताना ते चारचौघांत सांगावे काय, हा प्रश्न वरवर अभिरुचीचा वाटतो. परंतु त्याच्या तळाशी सत्य म्हणजे काय आणि मनाला सत्याकडे नेणारी वाट कोणती, हा जुना तात्त्विक प्रश्न आहे. सृष्टीचे परिचित नियम बाजूला ठेवून मंत्र, मायावी शक्ती, बोलणारे पशू किंवा सर्वस्वी कल्पित जग यांच्या आधाराने जी कथा चालते, तिला अद्भुतकथा म्हणतात. या व्याख्येत कराडच्या एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हातातले हॅरी पॉटर जसे बसते, तशीच त्याच घरातल्या आजींच्या चौरंगावरची ‘नवनाथ भक्तिसारा’ची पोथीही बसते. एकीकडे करमणूक म्हणून आणि दुसरीकडे उपासना म्हणून पाहण्याची सवय असल्यामुळे दोन्ही वाचनांपुढचा प्रश्न एकच आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

कराडचा अद्भुताशी असलेला संबंध दोन हजार वर्षांहून जुना आहे. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातल्या भारहुत येथील बौद्ध स्तूपाचे अवशेष १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांतील मोठा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावरील ब्राह्मी लेखांत करहाकट नगराच्या निगमाने, म्हणजे तेथील व्यापारी नागरिकांच्या संघाने, दिलेल्या दानाची नोंद आढळते, आणि हे करहाकट म्हणजेच आजचे कराड, असे अभ्यासक मानतात. त्याच कठड्यावर जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, कोरलेल्या आहेत. रुरु मृगाच्या गोल शिल्पात एकाच वर्तुळात कथेचे तीन क्षण दाखवले आहेत: नदीत बुडणाऱ्या माणसाला पाठीवर घेऊन मृग पैलतीर गाठतो आहे, त्याच मृगावर राजाने धनुष्य ताणले आहे, आणि शेवटी तोच राजा हात जोडून मृगाचे बोलणे ऐकतो आहे. हरीण मनुष्यवाणीने बोलत नाही, हे त्या काळच्या लोकांना कळत नव्हते असे मानण्याचे काही कारण नाही. तरीही ही कथा प्रदक्षिणा घालणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल अशा जागी कोरली गेली आणि त्या वास्तूसाठी कराडकरांनी दूर मध्यदेशी दान पाठवले. अद्भुत ही एकट्याने जपायची वस्तू नसून सर्वांसमोर मांडायची वस्तू आहे, हा विचार या दानाच्या मुळाशी दिसतो.

अशा कथेला असत्य म्हणावे की नाही, याचा उलगडा योगदर्शनातील एका भेदामुळे होतो. पतंजलीने चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञान आणि विपर्यय म्हणजे एका वस्तूच्या जागी भलतीच वस्तू मानणारे मिथ्याज्ञान, जसे दोरीला साप समजणे. विकल्प या दोहोंहून वेगळा आहे. शब्द ऐकल्यावर मनात अर्थ उमटतो, परंतु त्या अर्थाला बाहेर कोणतीही वस्तू नसते, अशा वृत्तीला विकल्प म्हणतात. दिवा आणला की दोरीवरचा साप नाहीसा होतो, कारण तो विपर्यय होता. राहू म्हणजे केवळ शिर, हे ठाऊक असूनही ‘राहूचे शिर’ असा प्रयोग चालूच राहतो, कारण तो विकल्प आहे. अद्भुतकथा या दुसऱ्या प्रकारात मोडते. आगीचे लोट सोडणारा पंखधारी सर्प जगात नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते आणि त्या माहितीने कथेला काडीचाही धक्का लागत नाही. म्हणून अद्भुतकथेवर खोटेपणाचा आरोप ठेवणारा टीकाकार विकल्पाला विपर्ययाची शिक्षा देत असतो. मात्र विकल्पाचा विपर्यय होऊ शकतो, हा धोका खराच आहे, आणि तो कोणत्या परिस्थितीत होतो हे पाहणे अगत्याचे आहे.

‘योगवासिष्ठ’ या ग्रंथात याच धोक्याची एक कथा आहे. एक दाई लहान मुलाला गोष्ट सांगते की एका शून्य नगरात तीन राजपुत्र होते, त्यांतले दोघे जन्मलेच नव्हते आणि तिसरा गर्भातही आला नव्हता. ते नसलेल्या झाडांच्या सावलीत विसावतात आणि पाणी नसलेल्या नद्यांत स्नान करतात. मूल ही सारी हकीकत खरी मानून बसते. वसिष्ठ ही गोष्ट रामाला सांगतात ती भरसभेत, आणि विचार न करणाऱ्याला संसारही याच रीतीने खरा वाटतो, असा तिचा आशय उलगडून दाखवतात. सातारा जिल्ह्यातील निगडीचे सतराव्या शतकातील संतकवी रंगनाथस्वामी यांनी ‘योगवासिष्ठसार’ मराठीत आणले, त्यामुळे कृष्णाकाठच्या वाचकाला हा विचार परका नाही. गोष्ट तीच असताना मुलाच्या ठिकाणी तिचा भ्रम होतो आणि रामाच्या ठिकाणी विचार होतो, याचे कारण ऐकण्याच्या रीतीत आहे. मुलाला प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. राम विचारवंतांच्या सभेत बसून, शंका काढत आणि उत्तरे ऐकत गोष्ट ग्रहण करत होता. एकट्याने गिळलेल्या अद्भुताचा भ्रम होण्याचा संभव असतो आणि दुसऱ्यापुढे मांडलेल्या अद्भुताचा विचार होतो, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

याविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप कराडच्या परिसरातूनच निघतो. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर, उंब्रज आणि चाफळ येथील मारुती कराडपासून फार दूर नाहीत. त्याच समर्थांनी ‘दासबोधा’च्या सातव्या दशकातील श्रवणाच्या समासात ग्रंथ कशाला म्हणावे याची कठोर कसोटी दिली आहे: ज्याच्या योगाने अनुताप, भक्ती, विवेक आणि वैराग्य उपजते तो ग्रंथ, आणि केवळ रंजन करणारे लेखन या नावाला पात्र नाही. या कसोटीवर बहुतेक अद्भुतकथा बाद होतील, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु समर्थांनी स्वतः वानर आणि राक्षस यांच्या पराक्रमांनी भरलेले युद्धकांड रचले, आणि त्यांच्या ‘भीमरूपी’ स्तोत्रातला मारुती अणूएवढा होऊन ब्रह्मांडाएवढा वाढतो. ज्याने कसोटी दिली त्यानेच अद्भुताचा आश्रय केला असेल, तर ती कसोटी विषयाला लावायची नसून फळाला लावायची आहे, हे उघड होते. शिवाय चौथ्या दशकाच्या आरंभी श्रवणभक्तीचे निरूपण करताना समर्थ ऐकण्याजोग्या नाना विषयांची लांबलचक यादी देतात आणि अखेरीस, ऐकावे सारे, परंतु त्यातील सार शोधून घ्यावे आणि असार टाकून द्यावे, असा निर्णय देतात. सार आणि असार यांची ही निवड वाचकाच्या मनात मुकाट्याने होत असते असे समजणे भोळेपणाचे आहे. आपण काय वाचतो आहोत आणि त्यातले काय मनाला लागले, हे दुसऱ्याला सांगू लागल्यावरच ती निवड सुरू होते.

साहित्यशास्त्राची साक्षही याच बाजूने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा एक स्वतंत्र रस असून विस्मय हा त्याचा स्थायिभाव, म्हणजे मनात मुळातच वसणारा भाव, मानला आहे. रसाचा आस्वाद घेताना ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’ असे भान गळून पडते आणि भाव सर्वांचा होतो. भट्टनायकाने या व्यापाराला साधारणीकरण असे नाव दिले आणि अभिनवगुप्ताने ही कल्पना आपल्या विवेचनात पुढे नेली. विसाव्या शतकात इंग्रज लेखक टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात असे मांडले की उत्तम कथाकार एक दुय्यम सृष्टी निर्माण करतो, तिच्या आत तिचे नियम सत्य असतात, आणि मनुष्य स्वतः निर्मात्याच्या प्रतिमेत घडलेला असल्यामुळे निर्मिती करणे हा त्याचा अधिकार आहे. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होते आणि हे मत त्यांच्या धर्मश्रद्धेतूनच आले होते. काश्मीरमधील शैव आचार्य अभिनवगुप्त आणि ऑक्सफर्डचे ख्रिस्ती प्राध्यापक टॉल्किन यांच्या भूमिका एकरूप नाहीत. तरीही अद्भुताचा अनुभव हा श्रद्धेचा शत्रू नाही, यावर दोघांचे एकमत होण्यासारखे आहे.

व्यवहारात हा विचार कसा उतरतो, हे नवनाथांच्या पोथीवरून दिसते. कराड आणि इस्लामपूर यांच्या दरम्यान, वाळवे तालुक्यात मच्छिंद्रगड आहे आणि त्यावर मच्छिंद्रनाथांचे मंदिर आहे. मालू कवीने १८१९ साली पूर्ण केलेल्या ‘नवनाथ भक्तिसारा’चे चाळीस अध्याय आहेत, त्यांत मच्छिंद्रनाथ मत्स्याच्या उदरातून, गोरक्षनाथ उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून आणि कानिफनाथ हत्तीच्या कानातून प्रकट होतात, अस्त्रांना अस्त्रे भिडतात आणि स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला शिष्य सोडवून आणतो. पारायणाची रीत अशी की चौरंगावर वस्त्र अंथरून पोथी ठेवतात, एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. वाटेत भेटलेली शेजारीण ‘आज कितवा अध्याय?’ असे विचारते, आणि एखाद्या दिवशी चुकलेल्या श्रोत्याला दुसरा कोणी कालचा कथाभाग सांगतो. चालू वाचनाची विचारपूस ही अशा रीतीने पारायणाच्या आचारातच मुरलेली आहे. जेथे या विचारपुशीतून गुरू स्वतःच मोहात का पडला आणि शिष्याने त्याला सोडवणे याचा अर्थ काय, असे प्रश्न निघतात, तेथे पोथी विचाराला जन्म देते. जेथे अध्यायांच्या संख्येवर आणि फलश्रुतीवरच नजर असते आणि प्रश्न विचारणे अश्रद्धा ठरते, तेथे विकल्पाचा विपर्यय होतो. छापील पुस्तकाच्या वाचनात मात्र हा आचार मोडला. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली, तिच्यामागोमाग अद्भुतरम्य कादंबऱ्या येत गेल्या, आणि त्या कोपऱ्यात बसून एकट्याने, मनातल्या मनात वाचता येऊ लागल्या. त्यामुळे वाचकाला स्वातंत्र्य मिळाले, परंतु शंका विचारणारी सभा हरपली.

ही हरपलेली सभा परत उभी करण्याला उपनिषदांचा आधार आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत ऋत, सत्य, तप, दम, शम, अतिथिसत्कार अशी कर्तव्ये सांगताना प्रत्येकासोबत स्वाध्याय आणि प्रवचन यांचा पुन्हापुन्हा उल्लेख येतो. स्वाध्याय म्हणजे स्वतः केलेले अध्ययन आणि प्रवचन म्हणजे ते दुसऱ्याला सांगणे. ही जोडी कोठेही तोडलेली नाही. वेदाध्ययनाविषयीचे हे वचन कल्पित कथेला लावणे अनुचित आहे, असे कोणी म्हणेल. परंतु मनात घेतलेले मनातच कुजू देऊ नये, हे त्यामागचे तत्त्व सर्व वाचनाला लागू आहे. पुस्तक संपण्यापूर्वीच सांगण्याचे मोलही वेगळे आहे. न्यायदर्शनाने संशयाला सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या मूलभूत विषयांत, मानाचे स्थान दिले आहे, कारण संशयावाचून निर्णय संभवत नाही. अर्धे पुस्तक वाचलेला माणूस संशयाच्या अवस्थेत असतो. पुढे काय होणार हे त्याला माहीत नसते, म्हणून त्याचे बोलणे जल्प, म्हणजे केवळ जिंकण्यासाठी केलेली चर्चा, न होता वाद, म्हणजे तत्त्व जाणण्यासाठी केलेली चर्चा, होण्याची शक्यता अधिक असते.

यात दंभाला वाव आहे, हे नाकारता येत नाही. वाचलेल्या पुस्तकांची नावे मिरवण्यासाठी सांगणारा माणूस प्रवचन करत नसतो, आणि गीतेने दंभाची गणना आसुरी संपत्तीत केली आहे. त्यावर उपाय म्हणजे पुस्तकाचे नाव सांगून न थांबता त्याने आपल्याला कोठे अडवले, कोठे हलवले, हे सांगणे. कथेचे रहस्य फोडून दुसऱ्याचा विस्मय हिरावून घेणे हाही दोष आहे, आणि तो टाळणे ही साधी माणुसकी आहे.

भय हा सांगण्याचा खरा शत्रू आहे. १९७५ साली कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा देशात आणीबाणी होती आणि अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहिणाऱ्या आणि जातककथा मराठीत आणणाऱ्या या विदुषीने त्या व्यासपीठावर विचारस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. लोककथा आणि जातके यांत आयुष्य घालवलेल्या व्यक्तीचा कणा मऊ होत नाही, उलट ताठ होतो, याचे याहून चांगले उदाहरण मराठी समाजाला शोधावे लागणार नाही. अद्भुत वाचणारा माणूस वास्तवापासून पळतो, हा समज या एका चरित्राने खोटा ठरतो.

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ साली पुस्तकांचे गाव सुरू झाले आणि तेथील अनेक घरांत पुस्तके वाचकांसाठी खुली झाली. ही सोय मोलाची आहे, परंतु घरात पुस्तके खुली असणे आणि वाचकांची मने एकमेकांना खुली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकांनी मुलांच्या हातातले अद्भुताचे पुस्तक काढून घेऊ नये. त्याऐवजी जेवताना त्याविषयी विचारावे आणि मुलाचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. मुलांनीही आजीच्या पोथीला हसू नये. आज कोणता अध्याय चालू आहे हे विचारावे आणि त्यातले न पटणारे आदराने, परंतु स्पष्टपणे बोलून दाखवावे. अद्भुताचे वाचन हा दोष नाही, ते मुकेपणाने करणे हा दोष आहे. म्हणून ज्याच्या हाती आज असे पुस्तक आहे, त्याने ते संपण्याची वाट न पाहता जवळच्या कोणाला तरी त्याविषयी सांगावे.